ऑक्टोबरचा दुसरा सोमवार

अन्याय झाला तो आमच्या वसतिगृहात तिसऱ्या मजल्यावर, टोकाच्या खोलीत राहणाऱ्या कॅनेडियन मुलीवर. केव्हा, तर गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी, संध्याकाळी बरोबर साडेसहा वाजता. आणि करणारी मी. दुसरं कुणी सापडलं असतं तर बरं झालं असतं. मी शोधून पाहिलं, नाही सापडलं.

पुण्यात कॉलेजात असताना मी पत्रकं लिहायचे. मेसच्या आमटीत पाणी किती, मुलींच्या होस्टेलचं फाटक मुलांच्या आधी दोन तास का बंद होतं, लायब्ररीतल्या पंख्यांचं काय झालं. पाठपोट एक कागद, ठळक मथळा, पहिल्या ओळीत अन्याय कुणावर आणि कधी झाला ते, शेवटच्या ओळीत मागणी. मला त्यात गती होती. जर्मनीत कायझर्सलाउटर्नला पीएचडीसाठी आले तेव्हा बॅगेत दोन किलो गोडा मसाला होता आणि अंगात ही सवय होती. पहिल्याच सेमिस्टरला मी आमच्या मजल्याची प्रतिनिधी झाले. निवडून आले असं म्हणवत नाही, कारण दुसरं कुणी उभंच नव्हतं.

मजल्यावर बारा खोल्या आणि एक स्वयंपाकघर. त्यात एक लांब टेबल, चार शेगड्या, दोन फ्रीज आणि एकच ओव्हन. ओव्हनवरून रोज धुसफूस. कुणाचा तरी सण असला की ती व्यक्ती सकाळपासून ओव्हन अडवून बसायची आणि बाकीचे उपाशी पोटी कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारायचे. मी आल्या आल्या नियम केला आणि फ्रीजच्या दारावर जर्मन आणि इंग्रजीत चिकटवला: एक देश, एक सण, एक संध्याकाळ. त्या संध्याकाळी टेबल, ओव्हन आणि सगळ्या शेगड्या त्या देशाच्या. इतरांनी ब्रेड खावा. खाली वर्षाची यादी, पेननं लिहिलेली. खाडाखोड करायची तर माझ्याकडे यायचं.

हा नियम मी स्वतःसाठी पहिल्याच महिन्यात मोडला, हेही सांगायला हवं. मला गणपती हवा होता आणि समोरच्या खोलीतल्या कानपूरच्या मुलीला दिवाळी. आमच्या मजल्यावरचा गणिताचा जर्मन मुलगा यादीसमोर उभा राहून म्हणाला, "तुम्ही दोघी एकाच देशातल्या ना?" मी त्याला वीस मिनिटं भाषण दिलं. भारत म्हणजे एक देश नाही, खंड आहे. तिच्या आणि माझ्या घरात जेवढं अंतर आहे तेवढ्यात तुमचे चार देश संपतात. तू जे भारतीय जेवण म्हणून स्टेशनसमोर खातोस ते माझ्या आईनं जन्मात केलेलं नाही. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"आल्झो," तो म्हणाला, म्हणजे जर्मनमधलं 'तर मग', "दोन देश लिहू?"

"लिही," मी म्हणाले.

आणि त्यानं लिहिले.

कानपूरच्या मुलीशी माझं खरं भांडण मात्र श्रावणावरून झालं. पहिल्या जुलैत एका सकाळी ती सामाईक कपाट घासून पुसून काढत होती. उद्यापासून मोठ्या तव्यावर अंडं, मांस काही नको, सावन लागतोय, असं तिनं जाहीर केलं. माझी कोंबडी दह्यात मुरत पडलेली. मी म्हणाले, "श्रावणाला अजून पंधरा दिवस आहेत."

"तुमच्याकडे असतील."

"पंचांगात आहेत."

"कोणाच्या पंचांगात?"

मग दोघींनी आपापल्या आयांना फोन लावले. दोघींच्या आयांनी आपापल्या मुलीला बरोबर ठरवलं. तिचा महिना पौर्णिमेला संपतो, माझा अमावास्येला. त्यामुळे त्यांचा श्रावण आमच्या आधी पंधरा दिवस येतो आणि आधीच जातो. हे आम्हा दोघींना पाठ होतं, तरी दोन दिवस बोलणं बंद. या सगळ्या वेळात कॅनेडियन मुलगी ओट्याशी चहा ढवळत उभी होती. अगदी शेवटी तिनं एवढंच विचारलं, "म्हणजे दोन्ही बरोबर?"

"दोन्ही बरोबर," आम्ही दोघी एकदम म्हणालो, आणि तिथेच भांडण मिटलं. मी नवा तवा आणला.

तिची-माझी गट्टी त्याआधीच जमली होती, दुधावरून. एकदा गप्पांत ती म्हणाली, की तिच्या गावात दूध पिशवीत मिळतं. टेबलावरचे सगळे हसले. सगळ्यांत जोरात हसला तो अमेरिकेतल्या टेनेसीचा मुलगा. तोही पीएचडीला, आवाज खणखणीत, मन मोठं. काही हवं असेल तर तोंडानं मागणारा आणि कुणाला नाही म्हणायचं तर तेही तोंडावर म्हणणारा. "पिशवीत? मग ओतता कसं?" त्याच्याकडे दूध बादलीएवढ्या कॅनमधून येतं. ती लाल झाली. मी म्हणाले, "आमच्याकडेही पिशवीतच येतं. कोपरा कापायचा."

"छोटा कोपरा," ती म्हणाली.

"अगदी छोटा. मोठा कापला तर धार सुटते."

"आणि तुम्ही पिशवी जगमध्ये उभी ठेवता?"

"नाही. आम्ही पातेल्यात ओतून तापवतो आणि साय काढतो."

तिनं साय म्हणजे काय ते विचारलं. मी सांगितलं. सायीचं लोणी आणि लोण्याचं तूप इथपर्यंत गेल्यावर टेनेसीवाला उठून गेला. आम्ही दोघी तासभर बसलो. तिचं गाव ओंटारिओत, तळ्याकाठचं. वडील बस चालवायचे, आता निवृत्त. आई दोन वर्षांपूर्वी गेली. एक भाऊ लांब पश्चिमेकडे नोकरीला. एवढं सगळं मला माहीत होतं. म्हणूनच पुढचं जास्त लागतं.

गेल्या सप्टेंबरात मी नव्या वर्षाची यादी करत होते. ती स्वयंपाकघराच्या दारात आली. दारातच उभी राहते ती नेहमी, जणू आत यायला परवाना लागतो.

"सॉरी, एक विचारायचं होतं. थँक्सगिव्हिंगचं."

"आहे की. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार." सुगीचे आभार मानायचा त्यांचा तो सण मी यादीत बोटानं दाखवला. यादीत मीच लिहिलं होतं: अमेरिका/कॅनडा. मध्ये एक तिरकी रेघ. जागा वाचली म्हणून मी खूश.

"तो त्याचा," ती म्हणाली.

"म्हणजे तुमचा दोघांचा. मिळून करा ना. एकाच्या जागी दोघं असले की टर्कीच्या पक्ष्याला हात लावायला माणूस मिळतो."

"आमचा ऑक्टोबरात असतो. दुसऱ्या सोमवारी. सॉरी, मी आधी सांगायला हवं होतं."

"दुसऱ्या सोमवारी बैठक आहे. धुलाईखोलीची."

"हो, हो. बैठक महत्त्वाची आहे. सॉरी."

ती गेली. मी यादी चिकटवली. तीन वेळा सॉरी म्हणाली, हे मी नंतर मोजलं.

धुलाईखोलीचा प्रश्न खराच मोठा होता, मी तो लहान करणार नाही. आठ मजल्यांना चार यंत्रं, आणि रविवारी कुलूप. मी पत्रक काढलं, मजल्यामजल्यावर वाटलं. बैठक सोमवारी साडेसहाला, आमच्याच स्वयंपाकघरात, कारण लांब टेबल फक्त आमच्याकडे. अकरा जण आले. कॅनेडियन मुलगीही आली. मागच्या खुर्चीवर बसली. मी विचारलं, इतिवृत्त कोण लिहील, तर तिनं हात वर केला. सुंदर लिहिलं. दोन पानं, सुबक अक्षरात, कोण काय म्हणालं ते. माझ्याकडे आहेत ती पानं अजून. वर डाव्या कोपऱ्यात वार, तारीख, वेळ.

नोव्हेंबरात अमेरिकन थँक्सगिव्हिंग आलं. या शहराजवळ अमेरिकन सैन्याचा तळ आहे, त्यामुळे इथे अमेरिकन माणसाचं कुणाला नवल नाही. बेकरीतली बाईसुद्धा त्यांच्या इंग्रजीत दिवस चांगला जावो म्हणते, आणि त्या आठवड्यात अख्खी टर्की मिळवायला ओळख लागत नाही. टेनेसीवाल्यानं सुट्टी काढली. ओव्हन सकाळी सहापासून त्याचा. मक्याच्या पावाचं सारण, पेकान नावाच्या सुक्या मेव्याचा 'पाय', म्हणजे मैद्याच्या पारीत भरून भाजलेला गोड पदार्थ, साखरेच्या पाकासारखा गार चहा आणि रताळं. रताळ्याचा गोड लगदा, त्यावर मार्शमेलोचा थर, ओव्हनमध्ये खरपूस केलेला. माझ्यासाठी रताळं म्हणजे उपवास. मी तो पदार्थ बघून गप्प बसले, आणि मी गप्प बसले म्हणजे काय ते मला ओळखणाऱ्यांना कळेल.

कॅनेडियन मुलगी तिचे बटर टार्ट घेऊन आली. तळहातावर मावतील अशा मैद्याच्या पाऱ्या, आत लोणी, अंडं, ब्राउन साखर आणि मेपल सिरप. चावलं की आतलं हनुवटीवर ओघळतं. निम्म्यांत मनुका, निम्म्यांत नाही. तिच्या घरात म्हणे यावरून दोन पक्ष आहेत आणि ते एकमेकांच्या ताटाकडे बघत नाहीत. आमच्याकडे पुरणपोळीत गूळ की साखर यावरून असतात तसे. मी दोन्ही पक्षांचे दोन-दोन खाल्ले.

तेवढ्यात टेनेसीवाला तिला म्हणाला, "तुमचं तर ऑक्टोबरातच झालं असेल. काय केलंस?"

"बैठक होती," ती म्हणाली.

"थँक्सगिव्हिंगला?"

"धुलाईखोलीची."

"थँक्सगिव्हिंगच्या दिवशी कोण बैठक ठेवतं?"

ती बशीकडे बघू लागली. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग फ्रीजच्या दाराकडे पाहिलं. तिथे ती तिरकी रेघ होती.

"हे कुणी लिहिलं?" तो म्हणाला. "आम्ही दोघं एक नाही. ही बाई फ्राइजवर व्हिनेगर घालते."

"आणि तू रताळ्यावर मिठाई ठेवतोस," ती म्हणाली. सगळे हसले, विषय गेला. माझा मात्र गेला नाही.

भांडी घासताना मी तिला गाठलं. तिच्या हातात पुसायचं फडकं, माझ्या हातात स्क्रबर. मी सरळ विचारलं, त्या दिवशी काय करायचं ठरलं होतं. आधी ती काही नाही म्हणाली, मग आणखी एकदा काही नाही म्हणाली. मी पाणी बंद करून तिच्याकडे बघत उभी राहिले.

तेव्हा तिनं सांगितलं. त्यांच्याकडे ते जेवण दुपारी साडेबाराला असतं, म्हणजे इथले संध्याकाळचे साडेसहा. वडील तिकडे एकटे. आई असताना पक्षी आणि पाय दोन्ही तीच करायची. या वेळी वडील म्हणाले होते, पक्षी मी करतो, पाय तू कर, टेबलाच्या टोकाला लॅपटॉप ठेव, दोघं एका वेळी जेवू. त्यांनी आयुष्यात कधी पक्षी भाजलेला नव्हता. तिनं फोनवर शिकवलं होतं. आणि मग तिनं कळवलं, की स्वयंपाकघर मिळालं नाही.

"खोलीत बसून लॅपटॉप लावायचा होतास," मी म्हणाले. चुकलेला माणूस असंच काहीतरी म्हणतो.

"ओव्हनशिवाय पाय कसा करणार? आणि खोलीत एकच खुर्ची आहे. त्यांना टेबल बघायचं होतं. माणसं बघायची होती."

"मग त्यांनी काय केलं?"

"पक्षी फ्रीजरमध्ये परत ठेवला. चीज टोस्ट खाल्ला. चांगला झाला होता म्हणाले."

त्या रविवारी मी तिच्या खोलीत गेले. हातात माझं नवं पत्रक होतं. मी दुसरं काय करणार. पाठपोट लिहिलेलं, मथळा: 'तिरकी रेघ हटवा'. त्यात माझी चूक, माझा दुटप्पीपणा, गणपतीसाठी मी केलेलं भाषण आणि कॅनडाला न दिलेली एक ओळ, सगळं होतं. फ्रीजवर लावण्याआधी तिला दाखवावं म्हणून गेले. तिनं उभ्यानंच वाचलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली.

"सॉरी," ती म्हणाली, "पण हे लावणार नाहीस ना?"

"का? सगळ्यांना कळायला नको?"

"मला पत्रक नकोय. मला पुढच्या वर्षी सोमवार हवाय."

दीड वर्षात मी तिच्या तोंडून ऐकलेलं पहिलं 'हवाय' ते. मी पत्रकाची घडी घातली. निघताना माझं लक्ष भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेलं. जुलै-ऑगस्टची फाडलेली पानं तिनं त्याच्या शेजारीच टाचणीनं लावून ठेवली होती. त्यांवर पेन्सिलीनं बारीक खुणा होत्या. एकीपुढे कानपूरच्या मुलीच्या नावाचं पहिलं अक्षर, पंधरा दिवसांनी दुसरी, तिच्यापुढे माझं. दोन्ही श्रावण. सुरू कधी, संपतो कधी.

"हे कशाला?"

"त्या दिवसांत मी बेकन तळत नाही," ती म्हणाली. "म्हणजे आधी तिच्या, मग तुझ्या. दीड महिना होतो, पण ठीक आहे."

मी घडी घातलेलं पत्रक खिशात घालून बाहेर पडले. 

डिसेंबरात मी यादी पुन्हा केली. नियम फाडून टाकला. 'देश' हा शब्दच काढला. आता वर एवढंच लिहिलंय: कुणाला, कोणता दिवस, किती वाजल्यापासून. आणि लिहायला मी यादीपाशी बसून राहिले नाही, बाकीची अकराही दारं ठोठावली. काही नवीच माहिती बाहेर आली. जर्मन मुलाला कुठलाच सण नको होता, फक्त मार्चमध्ये एक दिवस, त्याची आई करते तसे बटाट्याचे गोळे करायला. ते घरी नीट होत नाहीत म्हणे, कारण घरी आई डोक्यावर उभी असते. पहिली ओळ मात्र मी आधीच लिहून टाकली होती. ऑक्टोबरचा दुसरा सोमवार, दुपारी बारापासून. पेननं, दोनदा गिरवून.

यंदा सप्टेंबर संपता संपता ती पुन्हा दारात उभी.

"सॉरी. तो सोमवार मी सोडते आहे. त्याची परीक्षा त्या दिवशी संपतेय, त्याला मित्र बोलवायचेत." तो म्हणजे जर्मन मुलगा. "मी रविवारी करीन. कॅनडात रविवारीही करतात पुष्कळ लोक, खरंच."

"तुझे वडील रविवारी करतात?"

तिनं फ्रीजवरच्या यादीकडे पाहिलं. मग म्हणाली, "रविवारी ते चर्चच्या जेवणात वाढायला जातात."

"त्यानं तुझ्याकडे मागितलं?"

"नाही. तो फोनवर बोलत होता, ते मी ऐकलं."

म्हणजे न मागताच देऊन मोकळी. मी तडक उठले. जिना उतरताना मनात तीन मुद्दे तयार केले, चौथा राखून ठेवला. तो खाली सायकलला तेल घालत होता. मी म्हणाले, "दुसऱ्या सोमवारी संध्याकाळी स्वयंपाकघर तिचं आहे."

"याऽ," तो म्हणाला, म्हणजे जर्मनमधलं 'हो'. "यादीत आहे."

"तुला पार्टी करायची होती ना?"

"गेनाऊ, बरोबर. मंगळवारी करतोय. सोमवारी कशी करणार? यादीत आहे."

माझे चारही मुद्दे वाया गेले. मी एवढी तयार होऊन कुणाशी भांडायला गेले आणि भांडण न करता परत आले, असं फार वेळा झालेलं नाही. त्यानं उलट विचारलं, की बाहेरच्यांना त्या जेवणाला यायला चालतं का, आणि येताना काय आणायचं.

सोमवारी ती बाराला ओव्हनपाशी आली. मी एक वाजता. अख्खी टर्की इथे ऑक्टोबरात मिळेना म्हणून दोन कोंबड्या. टेनेसीवाल्यानं तळावरून आणून देतो म्हटलं होतं, ती नको म्हणाली. "अमेरिकन टर्की वडिलांना पडद्यावरूनही ओळखू येते," असं काहीतरी पुटपुटली. हा तिचा विनोद होता हे मला अर्ध्या तासानं कळलं. पावाचं सारण, त्यात सेज नावाच्या वनस्पतीचा वाळवलेला पाला. सलगमाच्या जातीचा एक पिवळा कंद, शिजवून लोण्यात घोटलेला. मांस न खाणाऱ्या कानपूरच्या मुलीसाठी सारण वेगळ्या भांड्यात, पक्ष्यापासून लांब, नव्या चमच्यासकट. हे कॅनेडियन मुलीला कुणी सांगितलेलं नव्हतं.

भोपळ्याचा पाय करून उरलेला होक्काइडो भोपळा मी घेतला. आईला फोन लावला, भोपळा इथला आहे, साल काढत नाहीत, घारगे होतील का.

"साल काढत नाहीत म्हणजे? धुतात तरी का?"

"आई."

"बरं. किसून गुळात शिजव. पाणी घालू नकोस, तो सोडतो. मग मावेल तेवढी कणीक. मोजून घालू नकोस, मावेल तेवढी."

"खसखस मिळाली नाही."

"इथून गेलीस तेव्हा पुडी दिली होती. शोध."

पुडी सापडली. घारगे थापले, तळले. टेनेसीवाला येऊन बघत उभा राहिला. "हा तर तळलेला पंपकिन पाय," तो म्हणाला.

"नाही," मी आणि कॅनेडियन मुलगी एकदम म्हणालो.

सव्वासहाला टेबल मांडलं. जर्मन मुलगा बेकरीतून कांद्याचा मोठा केक आणि इथल्याच फाल्ट्स भागातली नवी, अजून फसफसणारी वाइन घेऊन आला. "आल्झो, हे म्हणजे आमचं एर्न्टेडांक," तो म्हणाला, "सुगीचं. महिन्याच्या पहिल्या रविवारी झालं." मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. "नाही," तो म्हणाला, "हे वेगळं. याऽ, याऽ. समजलं."

साडेसहाला लॅपटॉप टेबलाच्या टोकाला. पडद्यावर एक उंच, टक्कल पडलेला माणूस, इस्त्रीचा शर्ट, समोर ताट, मागे खिडकी आणि खिडकीत भर दुपार. ते आधी एकेकाकडे बघत राहिले, आमचे चेहरे, मग पदार्थ.

"पक्षी लहान आहेत," ते म्हणाले.

"दोन आहेत, डॅड."

"माझा मोठा आहे." त्यांनी ताट कॅमेऱ्याला दाखवलं. एका बाजूनं चांगलाच करपला होता. "ही बाजू भिंतीकडे ठेवतोय."

मी माझी ओळख करून दिली आणि म्हटलं, "काका, गेल्या वर्षीची बैठक माझी होती."  मुलीनं डोळे मिटले.

"काका म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

"वडिलांचा भाऊ. मैत्रिणीच्या वडिलांनाही म्हणतो."

"बरं," ते म्हणाले, "धुलाईखोलीचं काय झालं मग?"

"रविवारी उघडी असते आता."

"मग बरं झालं," ते म्हणाले, आणि बटाटे वाढून घेतले.

टेनेसीवाल्याकडे एक पद्धत आहे. जेवणाआधी टेबलाभोवती प्रत्येकानं आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते सांगायचं. त्यानं सुचवलं. कॅनेडियन मुलगी म्हणाली, आमच्याकडे असं बोलत नाहीत, आम्ही जेवतो, भांडी घासतो आणि झोपतो. तो म्हणाला, एकदा करून बघ. मग पडद्यावरून आवाज आला, "बटाटे गरम आहेत, याबद्दल मी कृतज्ञ आहे." आणि पुढे, "आता ते निवायच्या आत खाऊ या का?"

मग आम्ही जेवलो. पाऊण तास. तिचे वडील मध्येच उठून मीठ आणायला गेले तेव्हा टेबलावर कुणीच बोललं नाही, सगळे त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसलो. ते परत आले तेव्हा पुन्हा बोलायला लागलो. कंद मला आवडला नाही, तसं मी सांगितलं. ती म्हणाली, तिलाही आवडत नाही, आईला आवडायचा. घारगे त्यांनी कॅमेऱ्याजवळ धरायला लावले. कुरकुरीत की मऊ, विचारलं. मी म्हणाले, काठाला कुरकुरीत, मध्ये मऊ. त्यांनी मान डोलावली. आणि आमच्या बाजूनं पायचा पहिला तुकडा कापला गेला तेव्हा त्यांनीही तिकडे काटा खाली ठेवला आणि ती खाईपर्यंत थांबले.

जेवण झाल्यावर तिनं भांडी घासायला घेतली. मी तिला बाजूला ढकललं. ती सॉरी म्हणाली नाही. ओल्या फडक्यानं टेबल पुसता पुसता वडिलांशी बोलत राहिली, उशिरापर्यंत, मनुका घालाव्यात की नाही यावर.

आता तुमच्याकडे वळते. तुमच्याकडेही एखादी यादी आहे. सोसायटीच्या हॉलची, ऑफिसातल्या सणांची, महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांची, नाहीतर तुमच्या घरच्या फ्रीजवरची. त्यात कुठेतरी दोन नावांमध्ये एक तिरकी रेघ आहे, जागा वाचली म्हणून तुम्ही मारलेली. उद्या सकाळी ती यादी काढा. जो आवाज करतो त्याला विचारू नका, त्याचं लिहिलेलंच असेल. दारात उभं राहून ठीक आहे म्हणणाऱ्या माणसाच्या दारापाशी तुम्ही जा, त्याला विचारा, तुझा दिवस कोणता आणि किती वाजता, आणि तो सांगेल तोच लिहा. पेननं.